शुक्रवारचं पार्किंग

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला नाशिकमध्ये तीन प्रश्न विचारतात. नायगारा पाहिला का, मुलगा कायमचा तिकडेच राहणार का, आणि तिथे भांडी कोण घासतं. तिन्हींची उत्तरं आधी देऊन टाकतो. पाहिला, पाणी बरंच आहे. राहणार असं मुलगा म्हणत नाही, पण त्याने गवत कापायचं यंत्र विकत घेतलं आहे. भांडी मशीन घासतं आणि मशीनमध्ये घालण्याआधी मी घासतो. आता जे कोणी विचारत नाही ते सांगतो.

माझी नोकरी नगररचना खात्यात झाली. कुठल्या गावच्या, ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. तीस वर्षं मी हरकती आणि सूचना या विषयात काढली. एखाद्या जागेवर काही बांधायचं झालं की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत नोटीस द्यायची, लोकांनी ती वाचू नये अशी इच्छा करायची, तरी वाचलीच तर सुनावणी घ्यायची, आणि आधीच ठरलेला निर्णय सुनावणीनंतर जाहीर करायचा. हे काम मी मन लावून केलं. त्यामुळे अमेरिकेत मी डिस्नेच्या उंदराऐवजी एका सुनावणीत अडकलो, याचं घरात कोणालाच नवल वाटलं नाही.

पहिला आठवडा

समीर, म्हणजे आमचा मुलगा, ओहायोतल्या एका लहान गावात राहतो. गाव स्वच्छ, शांत आणि माणसांवाचून. रस्त्यावर पायी चालणारा माणूस दिसला की मोटारवाले थांबून विचारतात, सगळं ठीक आहे ना. सौ. सुमनला वाटलं, किती प्रेमळ लोक. मला वाटतं, पायी चालणारा माणूस म्हणजे काहीतरी बिघडलेला माणूस, असा तिथे समज असावा.

समीरच्या गाडीच्या मागच्या काचेवर अमेरिकेचा झेंडा चिकटवलेला होता. पंधरा ऑगस्टला शाळेत जायचा कंटाळा करणारा हा मुलगा एवढा देशभक्त कधी झाला, असं मी सूनबाईला विचारलं. पल्लवी म्हणाली, "विमानं इमारतींवर आदळली ना बाबा, त्या वर्षी पेट्रोल पंपावर एकाने याला आपल्या देशात परत जा म्हणून सुनावलं. यानं सांगितलं, मी मुसलमान नाही, हिंदू आहे. तर तो म्हणाला, ते अरबस्तानात नक्की कुठे येतं?" त्या गोष्टीला पाचेक वर्षं झाली होती. झेंडा फिका पडला की समीर नवा लावत असे.

वाचनालयाचं बाकडं

सकाळी फिरून मी वाचनालयासमोरच्या बाकड्यावर बसायचो. तिथे एक दिवस पांढरी टोपी, लांब कुर्ता आणि पायात मुलाने घेऊन दिलेले भलेमोठे स्पोर्ट्स शूज अशा थाटात एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "कुठले तुम्ही?"

"नाशिक."

"या अल्ला. मी मालेगावचा."

एकाच जिल्ह्यातले आम्ही दोघं. मालेगावला मी नोकरीच्या कामाने दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा गाडीची काच खाली केली नव्हती. इस्माईलभाईंचे तिथे यंत्रमाग होते. "लूम चोवीस घंटे खटखट करायचे साहेब. त्याच आवाजात सगळी उमर गेली. इथं इतकी शांती हाय की नींदच येत नाय." त्यांचा मुलगा अक्रम समीरच्याच कंपनीत होता. दोघं रोज एका टेबलावर जेवत आणि घरचं काहीही एकमेकांना सांगत नसत, हे मला तेव्हाच कळलं.

इस्माईलभाईंची अडचण साधी होती. जवळची मशीद चाळीस मैलांवर, शुक्रवारी मुलगा कामावर, आणि यांना गाडी येत नाही. तीन महिन्यांत एकही जुम्मा मिळाला नव्हता. गावातल्या दहा-बारा मुसलमान कुटुंबांनी बंद पडलेलं गालिच्यांचं दुकान घेतलं होतं आणि तिथे नमाजाची जागा करायला गावाची परवानगी मागितली होती. दुकान अक्रमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर.

"मला काय पायजे? चालत जायचं, चालत यायचं," ते म्हणाले. "सुनावणी मंगळवारी हाय. त्यात नाय झालं तर मी परत जातो मालेगावला. मुलगा नको म्हणतो, पण मी तिकीट बघायला सांगितलंय."

मी ते दुकान पाहून आलो. समोरच्या हिरवळीत पुरुषभर उंचीची पाटी ठोकलेली: या जागेच्या वापराबाबत सुनावणी, अमुक वेळी, सर्वांनी यावे. अक्षरं इतकी मोठी की धावत्या गाडीतून वाचता यावीत. आमच्या खात्यात कोणी अशी पाटी लावली असती तर त्याची बदली सुरगाण्याला झाली असती.

घरी आल्यावर मी समीरला म्हणालो, आपण सुनावणीला जाऊ. तो म्हणाला, "बाबा, यात पडायचं नाही. माझं ग्रीन कार्ड व्हायचंय." अमेरिकेचं बोलण्याचं स्वातंत्र्य फार मोठं आहे, असं त्यानेच मला विमानतळावरून घरी येताना सांगितलं होतं. बहुतेक ते कार्ड मिळाल्यानंतर लागू होत असावं.

शनिवार, पावभाजी

शनिवारी समीरकडे मराठी मंडळी जमली. चार जोडपी, एक कुकर, दोन ट्रे पाव. त्या मुलखात पावभाजी झाल्यावर देशाचा विचार करायची पद्धत आहे. विषय मशिदीवर आला.

"इथे प्रत्येकाला धर्मस्वातंत्र्य आहे, म्हणून तर आपण आलो," एक गृहस्थ म्हणाले. ते पगारासाठी आले होते, हे मला त्यांच्या वडिलांनी नाशिकच्या कॉलेज रोडवर सांगितलं होतं.

"स्वातंत्र्य ठीक आहे हो, पण या देशाची एक ओळख आहे," दुसरे म्हणाले. यांना आठवड्यापूर्वीच तुपासकट पुरणपोळ्यांचं पार्सल घरून आलं होतं.

मी विचारलं, "तुमचं इथलं देऊळ झालं, तेव्हा हरकती आल्या नव्हत्या?"

"आल्या होत्या ना. गर्दी होईल, आवाज होईल, पार्किंग नाही, सगळं झालं. पण ते वेगळं होतं."

"वेगळं कसं?"

"तेव्हा लोकांना आपण मुसलमान वाटलो होतो."

यावर कोणी हसलं नाही. म्हणाले ते गंभीरपणे आणि बाकीच्यांनी मानही डोलावली. मी भाजी आणखी वाढून घेतली.

सोमवार, सौजन्यभेट

आता माझा पराक्रम. सुनावणी घेणाऱ्या पाच जणांच्या समितीच्या अध्यक्ष बार्बरा नावाच्या बाई होत्या आणि त्या आमच्यापासून तीन गल्ल्यांवर राहत. पत्ता टेलिफोनच्या पुस्तकात छापलेला. मला हे फारच सोयीचं वाटलं. आमच्याकडे साहेबांचा बंगला शोधायलाच दोन दिवस आणि एक शिपाई लागतो.

सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेबांना घरी जाऊन भेटायचं, हे आमच्याकडे बाळसुद्धा जाणतं. त्यात लाच वगैरे काही नसतं. पेढे, शाल, द्राक्षांची पेटी, म्हणजे नुसता नमस्कार. जानेवारी ते मार्च आमच्या खात्यात कोणी द्राक्षं विकत घेऊन खाल्ल्याचं मला आठवत नाही. काम त्यामुळे झालं असंही नाही, पण न नेणाऱ्याचं काम अडलेलं मात्र मी पाहिलं आहे. तर दिंडोरीला द्राक्षं लावणाऱ्या मेहुण्याने दिलेले बेदाणे माझ्याकडे होते. त्यातला एक किलोचा डबा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून मी बार्बराबाईंच्या दारात उभा राहिलो. कोणाला विचारलं नाही. इस्माईलभाईंना तर नाहीच.

बाई टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होत्या. हात पुसत आल्या. मी म्हणालो, मी भारतातून आलोय, हे आमच्या भागातलं फळ, आणि उद्याच्या अर्जात जे गृहस्थ आहेत ते फार सज्जन आहेत, माझ्या जिल्ह्यातले आहेत.

बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांनी डबा घेतला, माझं पूर्ण नाव विचारलं, एका कागदावर स्पेलिंगसकट लिहून घेतलं आणि वेळही लिहिली. मला वाटलं, काय आपुलकी. खुशीत घरी आलो आणि दुपारी तास-दीड तास छान झोपलो.

मंगळवार

सुनावणी संध्याकाळी सातला होती आणि बाहेर आपल्याकडच्या चारच्या उन्हासारखं ऊन होतं. समीर येणार नव्हता. मला सोडायला आला आणि कसा कोण जाणे, माझ्या मागच्या रांगेत बसला. इस्माईलभाई आणि अक्रम पुढे. सभागृह गच्च. आधी सगळ्यांनी उभं राहून, झेंड्याकडे तोंड करून, छातीवर हात ठेवून देशाची शपथ म्हटली. मीही हात ठेवला. शब्द येत नव्हते, पण सरकारी कार्यक्रमात उभं राहायची सवय जुनी आहे. अक्रमला मात्र सगळे शब्द पाठ होते.

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर दिवा, वेळ संपली की लाल. आमच्या सभांमध्ये हा दिवा बसवला तर लोकप्रतिनिधींचं निम्मं आयुष्य मोकळं होईल. तिथल्या इंग्रजीचं मराठी मी माझ्या परीने करतो.

सैन्यातून निवृत्त झालेले, हार्डवेअरचं दुकान असलेले बिल नावाचे गृहस्थ आधी उठले. म्हणाले, "हा देश बायबलवर उभा आहे. आज हे लोक प्रार्थनेला जागा मागतात, उद्या त्यांचा कायदा आणतील. मी यांच्यासारख्यांशी लढलोय." कुठे लढले ते विचारायची सोय नव्हती. निदान माणूस मनातलं बोलला.

त्यांच्यानंतर मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई आल्या. "माझा कुठल्याही धर्माला विरोध नाही. माझे काही मित्रसुद्धा निरनिराळ्या धर्मांचे आहेत. माझा प्रश्न फक्त पार्किंगचा आहे." टाळ्या पडल्या. मग एकामागून एक आठ जण उठले. सगळे सर्व धर्मांवर प्रेम करणारे, आणि सगळ्यांचा प्रश्न फक्त पार्किंगचा.

अक्रम उठला. "मी बारा वर्षं इथे कर भरतो. माझी मुलगी इथल्या शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवते. अमेरिकन होण्यासाठी आणखी काय काय करायचं, त्याची कोणीतरी एकदा यादी करून द्यावी. मी एकेक करत जाईन." त्याला टाळ्या कमी पडल्या. वीस सेकंद आधीच तो बसला.

मग बार्बराबाईंनी टेबलाखालून माझा डबा काढला आणि सर्वांना दिसेल असा टेबलावर ठेवला.

"एक गोष्ट नोंदवायची आहे," त्या म्हणाल्या. "काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एक गृहस्थ माझ्या घरी आले. त्यांनी अर्जदारांची शिफारस केली आणि हा बेदाण्यांचा डबा दिला. मी तो उघडलेला नाही. परत करते आहे." आणि माझं नाव वाचलं. उच्चार अगदी बिनचूक होता.

बिल जागेवरूनच म्हणाले, "म्हणजे यांनी अध्यक्षांना विकत घ्यायचा प्रयत्न केला. अर्ज फेटाळून टाका." सभागृहात कुजबुज वाढली. समितीच्या वकिलाने पुस्तक उघडलं. अक्रमने वळून माझ्याकडे पाहिलं. इस्माईलभाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण डबा ओळखू आला असावा, त्याच्यावर मराठीत 'दिंडोरी' लिहिलेलं होतं. त्यांचा चेहरा इतका पडला की मला पळून जावंसं वाटलं. शहाणपणा पाजळायला मी गेलो आणि म्हाताऱ्याचा जुम्मा माझ्यामुळे बुडणार होता.

बाईंनी विचारलं, मला काही बोलायचं आहे का. समीरने मागून माझा शर्ट ओढला. मी उठलो. दिवा हिरवा झाला.

"अर्जदारांना यातलं काही माहीत नव्हतं," मी म्हणालो. "चूक माझी. आमच्याकडे सुनावणीआधी साहेबांना भेटायची पद्धत आहे. मी तीस वर्षं तो साहेब होतो. मला वाटलं, जगभर असंच चालतं."

काही जण हसले. तिथेच बसायला हवं होतं. पण मोत्यांच्या माळेच्या बाई माझ्या अगदी समोर होत्या.

"पार्किंगबद्दल मला माहिती आहे," मी म्हणालो. "मी आमच्या इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. चारेक वर्षांपूर्वी एका मुसलमान गृहस्थांनी आमच्याकडे फ्लॅट घ्यायचं ठरवलं. अर्जावरचं नाव वाचून सभेत दोन मिनिटांत निर्णय झाला. मग नकाराचं कारण काय लिहायचं, असा प्रश्न आला. आमची राज्यघटनाही तुमच्यासारखीच आहे, खरं कारण लिहिता येत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी नगररचनेतला. मी लिहिलं, पार्किंग अपुरं आहे. त्या गृहस्थांकडे गाडी नव्हती."

दिवा पिवळा झाला होता.

"म्हणून तुमचं कारण मला ऐकताक्षणी ओळखू आलं. आमचं पत्र तुमच्यापेक्षा चांगलं लिहिलेलं होतं, एवढाच फरक." आणि मी बसलो. अशी लाज मला माझ्या गावात कधी वाटली नव्हती, आणि वाटायला तिथे जावं लागलं याचीही वाटली.

माझ्या भाषणाने क्रांती झाली असं समजायचं कारण नाही. वकिलाने सांगितलं, भेट जाहीर केली आणि परत केली, तेव्हा कामकाज चालू ठेवता येईल. मग त्या दुकानाशेजारच्या चर्चचे पाद्री उठले. म्हणाले, आमचं आवार शुक्रवारी दुपारी रिकामंच असतं, त्यांनी तिथे गाड्या लावाव्यात. रविवारी आमची गर्दी झाली तर आम्ही त्यांच्याकडे लावू. पार्किंगचा प्रश्न एका मिनिटात संपला आणि सर्व धर्मांवर प्रेम करणारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. तीन विरुद्ध दोन मतांनी परवानगी मिळाली, बाहेर भोंगा लावायचा नाही या अटीवर. बिल निघताना माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "मला तुमचं पटलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही पार्किंगचं नाव घेतलं नाहीत, त्याबद्दल आभार." त्यांनी हात पुढे केला.

बाहेर अजून उजेड होता. अक्रमने वडिलांना माझं भाषण सांगितलं. आता मिठी मारतील, अशी माझी उगीचच अपेक्षा. इस्माईलभाईंनी वाकून बुटाची नाडी घट्ट केली.

"त्यांचं नाव काय होतं साहेब?"

मला आठवेना. पत्राची तारीख आठवत होती, जावक क्रमांक आठवत होता, 'आपला विश्वासू' खाली मारलेली सही आठवत होती. नाव आठवेना.

"घरी गेल्यावर बघा," ते म्हणाले. "मग भेटा त्यांना." आणि मुलाचा हात न धरता, चालत घराकडे निघाले.

नाशिक

आल्या आल्या सोसायटीची फाईल काढली. नाव होतं प्राध्यापक हमीद शेख, विषय गणित. अर्जात 'वाहन' या रकान्यासमोर सायकल. 'फ्लॅट घेण्याचे कारण' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: आईला जिना चढता येत नाही, रुग्णालय समोर आहे, तळमजला हवा. हा रकाना आम्ही कोणी वाचलाच नव्हता.

पत्ता जुन्या नाशकातला होता. मी गेलो, रिकाम्या हाताने गेलो. शेखसर दुसऱ्या मजल्यावर राहत. दारात मी नाव सांगितल्यावर त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि आत बोलावलं.

"तुमचं पत्र फार सभ्य होतं," ते म्हणाले. "त्यानंतर जिथे जिथे अर्ज केला तिथे मी पहिल्याच ओळीत लिहायचो, आमच्याकडे चारचाकी नाही आणि घेणारही नाही. मग त्यांना दुसरं कारण शोधावं लागायचं."

मी माफी मागितली. अमेरिकेत तीन मिनिटांत जमलं ते इथे दहा मिनिटांत जमत नव्हतं. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. शेवटी मी म्हणालो की तोच फ्लॅट पुन्हा विकायला निघालाय, या वेळी सभेत मी उभा राहीन, अर्ज मी स्वतः वाचून दाखवीन, वाटलं तर सेक्रेटरीपद सोडीन.

शेखसरांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. पांढऱ्या पदराच्या एक बाई होत्या, खुर्चीत बसलेल्या.

"तेव्हा आम्ही दोघं भाऊ आईला खुर्चीसकट उचलून या जिन्यानं रुग्णालयात नेत होतो. आठवड्यातून दोनदा," ते म्हणाले. "आता तळमजला कशाला हवा?"